उंची पुरेशी

उंच माणसांची तिला मनापासून कीव यायची. "बिचारी," ती म्हणायची, "प्रत्येक चौकट कपाळावर झेलतात, एसटीत मान मुडपून उभी राहतात, अन् खाली पडलेलं काही उचलायचं म्हटलं की कंबर धरतात. देवानं कापड लई लावलं, पण मापच घेतलं नाय." हे सगळं माझ्याकडं बघून चाललेलं असायचं. आमच्या मुलींच्या शाळेत सगळ्यांत उंच मी होते आणि सगळ्यांत ठेंगणी ती. मी मराठी शिकवायचे, ती भूगोल. आम्ही दोघी बरोबर चालत निघालो की मुली एकमेकींना कोपरं मारायच्या.

तेव्हा आम्ही गावाला औरंगाबादच म्हणत होतो. निजामाचं राज्य जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील. उस्मानपुऱ्यात एका म्हाताऱ्या बाईंच्या घराची मागची खोली आम्ही दोघींनी भाड्यानं घेतली होती. त्यांना सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून आम्हीही. राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून परतले, तर ही बया हातात हातोडी घेऊन उभी. खुंट्या, आरसा, डब्यांची फळी, कपड्यांची दोरी, सगळं तिनं आपल्या मापानं खाली उतरवलं होतं.

"अगं, हे काय केलंस?" मी ओरडले.

"तुला वाकता येतं," ती खिळा ठोकत म्हणाली, "मला वाढता येत नाय. मग जमवून कुणी घ्यायचं?"

एकत्र राहिलो तेवढी सगळी वर्षं मी गुडघे मुडपून कुंकू लावलं आणि कपड्यांची दोरी गळ्यात अडकवून घेतली. खालाकडं तक्रार नेली, तर त्या पान लावता लावता म्हणाल्या, "झुकना सीखो बेटी, सास के घर काम आता." त्या कायम तिच्याच बाजूनं असायच्या.

शाळेत ती पाटावर उभी राहून शिकवायची. घरी जेवायला बसतो तो साधा लाकडी पाट. फळ्याच्या वरच्या कडेपासून नकाशा काढायचा असायचा आणि तिला अर्ध्या फळ्यावर भागवणं मंजूर नव्हतं. पाट ती स्वतः काखेत मारून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात न्यायची. शिपायानं हात पुढं केला तर त्यालाच रागवायची. मुली तिला पाटावरच्या बाई म्हणायच्या आणि हे तिला ठाऊक होतं. "हात पुरत नसेल तर पाट घ्यावा, हात आखडता घेऊ नये," असं ती मुलींना परीक्षेच्या आधी सांगायची. भूगोलाशी याचा काय संबंध, असं कुणी विचारत नसे.

कुठल्याही कागदावर 'उंची' असा रकाना आला की ती लिहायची, 'पुरेशी'. एकदा मुख्याध्यापिकाबाईंनी कागद परत पाठवला. "अहो, इथं आकडा लिहायचा असतो." ही म्हणाली, "माझ्या उंचीपायी शाळेचं एखादं काम अडलं असंल तर सांगा, लगेच आकडा लिहिते." बाईंनी थोडा विचार केला आणि कागद तसाच पुढं धाडला.

आता अशा बाईनं विमान चालवायचं मनावर घ्यावं, हे जगाला हसू येण्यासारखंच होतं. मला स्वतःला आलं. चिकलठाण्याच्या रस्त्याला माळावर तेव्हा एक छोटा फ्लाइंग क्लब होता. दोन विमानं, त्यातलं एक कायम उघडून ठेवलेलं. एका रविवारी ती सायकल काढून तिकडं गेली आणि संध्याकाळी नाव घालून आली. मी म्हटलं, "शौक बरा आहे." ती एकदम उसळली. "शौक नाय. नोकरी करायचीय. पगार घेऊन उडायचं." मग जरा थांबून म्हणाली, "रोज मी नकाशे शिकवते. ते जिथून दिसतात तिथं मी एकदाबी गेलेले नाय. आपण पोरींना खोटं शिकवतो असं वाटतं मला."

त्यानंतर मी हसले नाही.

क्लबात शिकवायला हवाई दलातून निवृत्त झालेले एक कप्तान होते. उत्तरेकडचे, लांबलचक, मिशीला पीळ देणारे. त्यांनी तिला विमानात बसवलं आणि दोन पावलं मागं सरकून बघितलं. बाहेरून फक्त तिची वेणी घातलेली टाळू दिसत होती. पाय खालच्या पेडलपर्यंत पोचत नव्हते. पाय पोचवायला ती खाली घसरली की टाळूही दिसेनाशी व्हायची. "मॅडम," कप्तान म्हणाले, "दो में से एक काम होगा. या तो बाहर देखोगी, या पाँव चलाओगी. हवाई जहाज को दोनों चाहिए."

ही उत्तरली, "साहब, जमिनीवर तर तुम्हालाबी समोरचं दिसत नाय. तुम्ही विमान नागमोडी नेता, ते मी बघितलंय." हे खरं होतं. त्या विमानाचं नाक वर असायचं, त्यामुळं जमिनीवर चालवताना सगळेच डावीउजवीकडं वळवत, बाजूनं डोकावत नेत. कप्तानांना उत्तर आवडलं असावं, पण त्यांनी मान हलवली ती नकारार्थीच.

पुढं डॉक्टरी तपासणी झाली. डोळे उत्तम, कान उत्तम, छाती उत्तम. डॉक्टरांनी टेप लावली आणि तिथं गाडं अडलं. मात्र त्यांनी एक दार किलकिलं ठेवलं. विमानातली सगळी साधनं ही बाई शेवटपर्यंत दाबू, ओढू शकते आणि तिला बाहेरचं नीट दिसतं, असं शिकवणाऱ्यानं सही करून दिलं तर हरकत नाही, असं म्हणाले. म्हणजे सगळं येऊन ठेपलं त्या लांबलचक कप्तानावर. त्यांनी हो म्हटलं तर पुढची वाट मोकळी, नाही म्हटलं तर जन्मभर पाटावर उभं राहून नकाशे.

तेवढ्यात तिच्या थोरल्या भावाचा निरोप आला. लग्नासाठी तिला बघायला पाहुणे येणार होते. खुलताबादच्या पलीकडं तिच्या घरची शेती होती, वडील गेल्यावर घर दादांच्याच शब्दावर चालायचं. सोबत म्हणून मीही गेले. मुलगा बरा होता. पण मुलाची आई सणसणीत उंच, अन् तिनं सोबत आणलेली लेकही तशीच. आमच्याकडची पद्धत अशी की मुलीला चालायला लावायचं आणि मग मुलाच्या बहिणीजवळ उभं करून माप बघायचं. वहिनींनी आधीच युक्ती करून हिला उंबऱ्यावर उभं केलं होतं, तरी ही त्या लेकीच्या खांद्याशीच आली. दादा जमिनीकडं बघायला लागले.

मुलाची आईच शेवटी म्हणाली, "पोरगी ठेंगणी हाय, पर कामाची दिसती. त्याला काय हुतंय? अंतरपाटापाशी खाली दोन पाट घालू. हार घालाया हात पुरला म्हंजी झालं."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. चहा आला. हिनं मात्र पुढं सरून विचारलं, "म्हणजे दोन पाट घातले की मी चालते?"

"चालती की!"

"नंतर कुणी म्हणणार नाय, की पाट घेतला म्हणून लगीन खोटं?"

बाई खळखळून हसल्या. "एकदा अक्षता पडल्या की कोन मोजतंय गं!"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे असे चमकले होते की मला धडकीच भरली. मग ती आत गेली आणि दादांना हाक मारून विचारलं, "दादा, घरात पाट किती हायेत?" दादा खुशीत येऊन म्हणाले, "लागतील तेवढे हायेत, कामून?" त्यांना वाटलं, पोरगी वळली. पाहुणे अजून अंगणात चपला शोधत होते, तेव्हा आम्ही मागच्या दारानं निघून एसटी पकडली होती. तिच्या दोन्ही काखांत एकेक पाट होता.

बसमध्ये ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. "नवऱ्याच्या गळ्यात हार घालाया पाट चालतो. देव, ब्राह्मण, सगळं गाव बघतं, कुणी नाय म्हणत नाय. मग विमानाला कामून चालत नाय? विमान काय नवरदेवापेक्षा मोठं लागून गेलं?" पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मान डोलावली. मीही डोलावली. आम्हा दोघींना त्यात काहीच चूक दिसली नाही.

चूक पुढच्या रविवारी दिसली. कप्तानांनी तिचा युक्तिवाद ऐकला, पोटभर हसले आणि म्हणाले, जमिनीवर चालवून दाखवा. एक पाट तिनं बुडाखाली घेतला, एक पाठीशी. आता बाहेरचंही दिसत होतं, पायही पोचत होते. कप्तान शेजारी बसले. विमान माळावरून छान नागमोडी निघालं. वाटेत एक खड्डा आला, विमान उसळलं, आणि तिच्या खालचा पाट सुटून सरळ पेडलच्या मागं जाऊन रुतला. दोघांची पेडलं आतून एकत्र जोडलेली, मग ना तिचा पाय हलेना, ना कप्तानांचा. विमान जागच्या जागी दोन गिरक्या घेऊन बाभळीच्या झुडपात नाक खुपसून थांबलं. कुणाला लागलं नाही.

कप्तान खाली उतरले ते लालबुंद होऊन. "ये हवाई जहाज है, शादी का मंडप नहीं! ऊपर होता तो दोनों मरते, समझीं?" त्यांनी तो पाट लांब भिरकावला.

ती पाट उचलून आणायला गेली, धूळ झटकली आणि परत येऊन म्हणाली, "पाट सरकला, साहब. मी नाय सरकले."

"कल से मत आना," ते म्हणाले.

कप्तानांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. तीही म्हणाली नाही. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "लग्नात पाटाला हलायचं नसतं गं. तिथं माणूस एका जागी उभं असतं. मी त्याला चालायला लावलं." एवढंच. रडली नाही. मला मात्र रडू आलं, आणि त्याबद्दल मला बोलणी बसली.

दादा येऊन गेले. ओट्यावर बसून त्यांनी सगळी गल्ली गोळा केली. "सोयरीक मोडली ती मोडली, वर घरातले पाटबी घेऊन आली! आपल्यात बाया बैलगाडी हाकत नाय, अन् ही विमान हाकनार!"

"तुम्ही कधी हाकू दिली नाय, म्हणून तर विमानापासून सुरुवात करावी लागली," ती म्हणाली. दादा पाट न घेताच गेले. पुन्हा येणार नाही, असं सांगून गेले.

ती छावणीत गेली. तिथं घोड्यांची खोगिरं शिवणारे एक मियाँ होते. लष्करातले घोडे कमी झाले तसे ते बॅगा आणि पट्टे शिवून दिवस काढत होते. त्यांच्या दुकानात बसून तिनं स्वतःच्या मापाची बैठक शिवून घेतली. घोड्याचे केस ठासून भरलेली, वरून चामडं, आणि चारी बाजूंनी बक्कलं लावलेले पट्टे. पाठीला तशीच दुसरी. "घोडा कितना बडा है?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बडा नाय, पण उडतो." मियाँ कुरकुरले, पण दर वेळी ती बैठक हातांनी दाबून बघायची, जराशी दबली की परत उसवायला लावायची. पेडलसाठी लाकडी ठोकळे करून घेतले, नटबोल्टनं आवळायचे. आता सुटं काहीच नव्हतं.

रोज संध्याकाळी खोलीत सराव चालायचा. ती खाटेवर बैठक बांधून बसायची. मी जमिनीवर तिच्यासमोर बसून दोन्ही तळव्यांनी तिचे पाय मागं रेटायचे, आणि तिनं मला ढकलायचं. माझे खांदे दुखून यायचे. "अजून जोर लाव," ती म्हणायची, "वारा तुझ्यासारखा हळवा नसतो." खाला दारात उभ्या राहून बघायच्या. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत गावावरून विमानं गेली होती आणि त्याच दिवसांत त्यांच्या घरातली माणसं पांगली होती. तेव्हापासून आभाळात घरघर झाली की त्या खिडक्या लावून घ्यायच्या. हे तिलाही माहीत होतं. म्हणून घरात विमानाचं नाव काढताना ती आवाज खाली आणायची. जगात इतर कुणासाठी तिनं आवाज खाली आणलेला मला आठवत नाही.

दर रविवारी ती सायकलला बैठक बांधून क्लबाच्या फाटकाशी जाऊन बसायची. विनवणी करायची नाही, चिठ्ठी पाठवायची नाही. कप्तानांची जीप आली की उभी राहून नमस्कार करायची, जीप गेली की परत खाली बसायची. ऊन होतं, धूळ होती, क्लबातली कॉलेजची पोरं जाता-येता काहीबाही बोलायची. एका रविवारी जीप पुढं जाऊन थांबली आणि मागं आली. कप्तान खाली उतरले. बैठक त्यांनी उलटीपालटी केली, पट्टा दोन्ही हातांनी हिसडून बघितला.

"खुलेगा?"

"तुम्ही खोलून दाखवा."

मग विमानात सगळं बांधून झालं. कप्तानांनी ठोकळ्यांवर बुटानं लाथा घातल्या, बैठकीवर गुडघा टेकून अंगाचा सगळा भार दिला. ती बसली. डावा पाय शेवटपर्यंत, उजवा पाय शेवटपर्यंत, ब्रेक, हातातला दांडा पोटाशी, दांडा पुढं. पुन्हा करायला लावलं. पुन्हा. मग मिशी ओढत ते म्हणाले, "कागज ले आना. सही करूँगा."

पण खरी परीक्षा काही महिन्यांनी आली, ती एकटीनं उडायची. खालांना मी चला म्हटलंच नव्हतं, तरी त्या आपणहून बुरखा घालून टांग्यात बसल्या. तारेच्या कुंपणापाशी आम्ही उभ्या राहिलो. कप्तान विमानातून उतरले, दार लावलं आणि चालत बाजूला झाले. घरघर वाढली तशी खालांनी माझं मनगट धरलं. विमान पळालं आणि उचललं. आता तिला काही झालं तर, एवढंच मनात. विमान लांब दौलताबादच्या अंगाला वळलं, बारीक झालं, फिरून परत आलं. कुंपणावरून खाली येताना ते इतकं जवळ आलं की काचेमागं तिचा चेहरा दिसला. नुसती टाळू नव्हे. कपाळ, डोळे, हनुवटी, खांदे.

"दिखरी!" खाला ओरडल्या. "अगे, पूरी दिखरी!" आणि कुंपणाला धरून त्या हमसून रडायला लागल्या. मीही रडले, या वेळी मला कुणी बोललं नाही.

परवाना मिळाला. तिनं शाळेचा राजीनामा दिला. एका मोठ्या प्रवासी विमान कंपनीनं तिला बोलावलं आणि दारातूनच परत पाठवलं. बसूही दिलं नाही, नुसतं बघून. त्या वेळी मात्र ती खचली. खोलीत येऊन भिंतीकडं तोंड करून झोपली आणि दोन दिवस उठली नाही. मला त्या न बघितलेल्या साहेबांचा इतका राग आला की वर्गात मी विनाकारण मुलींवर डाफरले.

तिसऱ्या दिवशी उठून तिनं अंघोळ केली आणि कपाशीवर विमानानं औषध फवारणाऱ्या एका कंपनीत गेली. हे काम कुणाला नको असायचं. पिकाला घासत उडायचं, झाडं, तारा चुकवायच्या, आणि अंगाला औषधाचा वास. तिथल्या साहेबांनी सवयीनं विचारलं, "उंची किती?" ती म्हणाली, "कपाशीपासून किती उंचीवरून उडायचं ते सांगा. माझ्या उंचीवर औषध मारायचं नाय ना?" साहेबांनी तिला उडून दाखवायला लावलं आणि ठेवून घेतलं.

पहिल्याच हंगामात तिचं विमान खुलताबादकडं गेलं. शेताच्या कडेला कुणीतरी पांढरा झेंडा घेऊन उभं राहावं लागतं, म्हणजे वैमानिकाला ओळ चुकत नाही. दादांच्या रानाच्या कडेला दादाच उभे राहिले. गड्याला उभं करायचं सोडून. विमान आलं की झेंडा दाखवायचे, बाजूला पळायचे, पुढच्या ओळीला जाऊन परत उभे राहायचे. संध्याकाळपर्यंत धोतर मातीनं माखलं होतं. दुसऱ्या आठवड्यात आमच्या ओट्यावर येऊन बसले, चहा प्यायले आणि मला विचारलं, "तिला वरून म्या दिसलो आसंन का?"

मी म्हटलं, "दिसलात."

"व्हय?" ते म्हणाले, आणि डोक्यावरचा पटका काढून पुन्हा नीट बांधायला लागले.

बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, खाला गेल्या, ती हंगामापुरती कुठं कुठं जाऊन कपाशीवर उडत राहिली. मग त्याच प्रवासी कंपनीचं बोलावणं आलं. त्यांना उडण्याचा अनुभव असलेली माणसं हवी होती. ती मुंबईला गेली. परतताना माझ्याकडं उतरली. मी गरम भाकरी वाढली, तिनं ठेच्याबरोबर दोन खाल्ल्या. मला राहवेना.

"घेतलं का नाही?"

"घेतलं की. सगळ्या परीक्षा घेतल्या. पास केलं. साहेब म्हणाले, सोमवारपासून या. आता उंचीचं काही नाय म्हणाले."

मी उठून तिला मिठीच मारणार होते. तिनं हातातला घास तसाच धरून मला थांबवलं.

"मी नाय म्हणून आले."

"अगं! मग गेलीस कशाला?"

"त्यांच्या तोंडून ऐकायला." तिनं शांतपणे घास तोंडात टाकला, चावून संपवला. "मी म्हटलं, साहेब, कपाशीला बोंडअळी लागलीय, मला येळ नाय. तुम्ही दुसरं कुणीतरी उंच बघा."